तात्यांचा तळहात

स्पीकरच्या खोक्यात सगळ्यात महत्त्वाचा माल कोणता, असं मी नव्या गिऱ्हाइकाला विचारतो. कुणी मॅग्नेट म्हणतं, कुणी कोन, कुणी वायर. मी म्हणतो, हवा. गिऱ्हाईक हसतं. त्याला वाटतं, पोरगं बनवाबनवी करतंय.

पण ते खरं आहे. कंप्युटरच्या टेबलावर चहाच्या कपाएवढे दोन स्पीकर असतात. बोलणं, बासरी, टाळ, बातम्या, एवढं त्यांना जमतं. जाडा आवाज जमत नाही. जाड्या आवाजाला हवा लोटावी लागते आणि कपाएवढ्या जिवाला हवा लोटणं होत नाही. हातपंख्यानं तोंडावर वारा येतो, पण खोलीचं दार जोरात मिटलं तर समोरचा पडदा हलतो. तो दाराचा वारा म्हणजे सबवूफर. कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी द्रोण, पुढं आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची सैल होते. ह्या दोघींना भेटू दिलं तर एकमेकींना खाऊन टाकतात, आवाज शिल्लकच राहत नाही. म्हणून मागच्या हवेला खोक्यात कोंडायचं. आमचा सगळा धंदा एवढाच. हवा कोंडणे.

त्यात टेबलाखाली मावेल असं लहान खोकं पाहिजे असेल तर अजून पंचाईत. लहान खोकं, खोल आवाज आणि मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. गिऱ्हाइकाला तिन्ही पाहिजे असतात. मला वाटतं, हे फक्त स्पीकरपुरतं नसावं.

हे मला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे बबनतात्या, मूळ चिखलीचे, गावठाणातले. दुकान त्यांचं. मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कुणी काढलं नाही. चुलतभावाच्या मागं चाकणला आलो, ठेकेदाराच्या हाताखाली प्रेस शॉपला लागलो. पत्रा आत सरकवायचा, प्रेस खाली येणार, धाडकन, पत्रा बाहेर. कानात घालायला रबरी बोंडं द्यायचे. ती घातली की सुपरवायझरचं ओरडणं ऐकू यायचं नाही आणि नाही ऐकू आलं की शिव्या खाव्या लागायच्या. म्हणून आम्ही ती खिशात ठेवायचो. तपासणीला कुणी आलं की कानात. मग एक दिवस ठेका दुसऱ्याला गेला आणि आम्ही सगळे गेटच्या बाहेर.

चिखलीत कॉटवर राहत होतो. एका खोलीत बरेच जण, ज्याची शिफ्ट सुटेल त्याची कॉट. माझ्याजवळ एक जुना रेडिओ होता, त्याचा स्पीकर फाटला. तो घेऊन तात्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी रेडिओ बघितला, मग मला बघितलं.

"कुठं कामाला हाईस?"

"कुठंच नाही."

"सोल्डर मारता येतं?"

"नाही येत."

"बरंय. वाईट सवयी तरी नसत्याल. उद्या ये."

रेडिओ त्यांनी नीट करून दिला आणि मी तिथंच राहिलो. पोटमाळ्यावर झोपायला जागा दिली. तात्यांच्या घरून काकू डबा पाठवायच्या, त्यात माझी भाकरी तात्यांपेक्षा एक जास्त असायची. आई फोनवर विचारायची, "काय करायलास रे गजा तिथं?" मी म्हणायचो, "आवाज नीट करायलोय." ती म्हणायची, "कुणाचा?" तिला अजून नीट समजलेलं नाही. पण तात्यांसाठी ती दर सणाला काहीतरी पाठवते. कधी तिळाची चटणी, कधी खारोड्या. मी आजवर कुठं रडलो नाही, पण पहिल्या दिवाळीला काकूंनी मला उटणं लावून आंघोळीला पाठवलं तेव्हा मोरीत पाण्याचा नळ जोरात सोडला होता.

कामाचं सांगतो. कंप्युटरवाल्यांची गिऱ्हाइकी आमच्याकडं हळूहळू वाढली. आयटीतली मुलं, एकेका खोलीत राहणारी. एकानं तक्रार आणली की खोकं अचानक मुकं झालं. खोक्याला हवा जायला-यायला एक पाईप असतो. आम्ही गटाराच्या प्लॅस्टिक पाईपचा तुकडाच बसवतो. त्या पाईपात त्यानं धुतलेले मोजे कोंबून ठेवले होते. म्हणाला, "जागा नाही हो खोलीत." दुसऱ्याच्या खोक्यात उंदरीण व्याली होती. आम्ही आतून मऊ राहावं म्हणून गादीवाल्याकडचा कापूस लावतो, तिला तयार बाळंतिणीची खोलीच मिळाली. पिल्लं मोठी होईपर्यंत तात्यांनी ते खोकं उघडू दिलं नाही. गिऱ्हाईक रोज फोन करायचं. तात्या मला सांगायला लावायचे, "आतलं काम चालू हाय."

आणि एक होता, त्याला वरच्या मजल्यावरच्यांना त्रास द्यायला वूफर, म्हणजे जाड्या आवाजाचा स्पीकर, पाहिजे होता. वरचे लोक पहाटे वरवंट्यानं काहीतरी कुटायचे म्हणे. तात्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, "आवाज वर कमी जातो, खाली जास्त. तुमच्या खाली कोण राहतं?" तो म्हणाला, "मालक." विषय संपला.

तात्यांची खोकं तपासायची एक रीत होती. सगळे कानानं ऐकतात, ते तळहातानं ऐकायचे. खोकं पुरं झालं की त्यावर डावा तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि गाणं लावायला सांगायचं. मग म्हणायचे, "मागची फळी सैल हाय," किंवा, "कापूस जास्त झाला, गुदमरतंय." उघडलं की तसंच निघायचं. गिऱ्हाइकं हा तमाशा बघायला थांबायची. मीही बघायचो. मला वाटायचं, हा माणूस कानाच्या पलीकडं गेलाय. कोणत्या अर्थानं गेलाय ते मला कळलं नाही.

तात्यांनी उमेदीची वर्षं प्रेस शॉपलाच काढलेली, माझ्यासारखीच, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. नंतर दुकान काढलं ते मंडळांच्या मिरवणुकांच्या भिंतीएवढ्या खोक्यांनी. त्या भिंतीसमोर उभं राहून ते कोन तपासायचे. आता आठवतं, दुकानात शिरणाऱ्याला ते नेहमी उजेडाकडं तोंड करून बसवायचे. फोन वाजला की मला पुढं करायचे, "घे, माझं हात खराब हायती." काकू हाक मारायच्या तेव्हा आधी त्यांच्या खांद्याला हात लावायच्या. मी हे सगळं रोज बघत होतो आणि याची बेरीज केली नाही. कदाचित भीतीनं केली नसेल. दुकान म्हणजे तात्या होते आणि माझ्या डोक्यावर दुसरं छप्पर नव्हतं.

मग जोगळेकर मॅडमचं काम आलं.

मॅडम निगडी प्राधिकरणात राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या आहेत आणि पखवाज शिकवतात. त्यांच्याकडं शिकणारी मुलं-मुली आता गावोगाव पांगलीत. ती वाजवून रेकॉर्डिंग पाठवतात, मॅडम कंप्युटरवर ऐकून चुका सांगतात. अडचण अशी की पखवाजाचं उजवं तोंड त्या बारक्या स्पीकरमधून छान ऐकू यायचं, डावं यायचंच नाही. डाव्या पुडीला, म्हणजे कातड्याला, कणीक लावतात, तिची धूम जमिनीतून आल्यासारखी येते. तीच गायब. मॅडम म्हणाल्या, "अर्धा पखवाज ऐकून मी पूर्ण पखवाज शिकवतेय. हे मुलांना फसवणं झालं." हेडफोन लावले की त्यांना चक्कर यायची.

आम्ही त्यांना टेबलावर बसेल असं एक वूफरवालं छोटं खोकं करून दिलं. धूम आली. पण टेबल काचेचं, जुनं, हलक्या पायांचं. प्रत्येक थापेला सगळं टेबल थरथरायचं. मॉनिटर डोलायचा, पेनं घरंगळायची आणि काचेचा स्वतःचाच एक खुळखुळ आवाज मधे यायचा. जमिनीवर ठेवलं तर खालच्या घरी एक आजारी गृहस्थ, त्यांच्या छातीत धडधड व्हायची. खोकं परत आलं.

त्याच सुमारास मी मोबाईलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ बघितला. त्याची भाषा मला समजत नव्हती, पण हात समजत होते. त्यानं लहान खोक्याच्या डाव्या भिंतीला एक वूफर लावला होता आणि उजव्या भिंतीला दुसरा, पाठीला पाठ. दोन्ही कोन एकदम बाहेर येत होते, एकदम आत जात होते. एकाचा धक्का डावीकडं, दुसऱ्याचा उजवीकडं. दोन्ही धक्के एकमेकांना फेडून टाकत होते, म्हणून खोकं जागच्या जागी गप्प. पण दोघं मिळून हवा मात्र लोटत होते. त्यानं खोक्यावर एक नाणं कडेवर उभं केलं आणि गाणं मोठं केलं. नाणं पडलं नाही.

मी तात्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं. म्हणाले, "करू. बाईंचं काम अडलंय."

आम्ही दोघांनी मिळून केलं. दोन बारके वूफर मी कुदळवाडीच्या भंगारातून निवडून आणले. तात्यांनी ते नव्यासारखे केले. फळ्या त्यांनी कापल्या, जोड असे बसवले की नख जाणार नाही. एक बाजू आणि दुसरी बाजू बरोबर जोडली आहे ना, हे बघायला आम्ही घड्याळाचा सेल टेकवतो. कोन बाहेर उडी मारतो की आत, त्यावरून समजतं. दोन्ही बाहेर आले. गाणं लावलं आणि मी ऐकलं. एवढ्याशा खोक्यातून एवढी खोल धूम मी तोपर्यंत ऐकली नव्हती. मी मोठ्यानं हसलो. मग मला चाकणला जावं लागलं, एका कॅन्टीनचा भोंगा काढून आणायला. परत आलो तेव्हा खोकं पॉलिश होऊन कपड्यात गुंडाळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निगडीला गेलो. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले, मला धरू दिलं नाही.

मॅडमनी टेबल रिकामं करून ठेवलं होतं. मी वायरी जोडल्या. त्यांनी एका मुलीचं रेकॉर्डिंग लावलं. मुलगी सोलापूरकडची होती, परीक्षेला बसणार होती. मॅडमना त्याच दिवशी तिला सांगायचं होतं, बसू का नको. पखवाज सुरू झाला.

तात्यांनी खोक्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बघा बाई, कसं थरथरतंय. जिवंत हाय."

थरथरत होतंच. खोकं टेबलावरून इंच इंच सरकत होतं. मॉनिटर डोलत होता. कोन आत-बाहेर उड्या मारत होते. आणि धूम नव्हती. अजिबात नव्हती. जुन्या खोक्यात होती तेवढीही नव्हती. कपाएवढ्या स्पीकरमधून उजव्या हाताची टणटण तेवढी येत होती.

मॅडम कंप्युटरकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बसल्या होत्या. मान न वळवता, खोक्याकडं बोट करून हळू म्हणाल्या, "तात्या, हलतंय खूप. पण वाजत नाहीये हो."

तात्या म्हणाले, "मग? दोघांनी जीव लावून केलंय."

मॅडम वळल्या. त्यांनी तात्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या आयुष्यभर मागच्या बाकावरच्या मुलांकडं बघत आलेल्या बाई. त्यांना जे मला इतक्या दिवसांत समजलं नव्हतं ते त्या एका उत्तरात समजलं. "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. पण रेकॉर्डिंग बंद करून गेल्या नाहीत. पखवाज वाजत राहिला, अर्धा.

मी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि उजवा वूफर खोलायला लागलो.

तात्या म्हणाले, "काय करतोयस? सगळं झालंय त्यात. कालच मी एक वायर फिरवली."

मी त्यांच्यासमोर गेलो, उजेडाकडं तोंड करून. "का फिरवली, तात्या?"

"तू गेलास आन मी हात ठिवला. गार. मढं जसं. मी म्हणलं, ह्यो गजा काय ऐकून हसला? मग ध्यानात आलं. दोन बैल इकडं-तिकडं तोंड करून जुंपल्यात, गाडा हलंल कसा? एकाला फिरवला. फिरवला की असं उठलं बघ खोकं."

त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं. जन्मभर त्यांनी एका वूफरची खोकी केली होती, त्यात जे हलतं तेच वाजतं. तळहात खोटं बोलायचा नाही. हे पहिलंच खोकं होतं ज्यात गप्प बसणं म्हणजे बरोबर असणं होतं. वायर फिरवल्यावर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जात होता. एक हवा दाबत होता, दुसरा सोडत होता. पुढची नि मागची हवा एकमेकींना भेटू द्यायची नाही, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. दोघी भेटल्या होत्या, एकमेकींना खात होत्या. उरलेला सगळा धक्का खोक्यात. ऐकू येणाऱ्या कुठल्याही माणसाला ते एका क्षणात समजलं असतं.

मी म्हणालो, "तात्या, एकदा माझ्यासाठी."

ते बाजूला सरकले. मी वायरी उलट केल्या, वूफर परत बसवला. मॅडम चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.

खोकं गप्प झालं. टेबल गप्प. तात्यांनी तळहात ठेवला आणि मान हलवली. "झालं. मेलं परत."

मी खिशातलं नाणं काढून खोक्यावर कडेवर उभं केलं. आणि खोलीत धूम आली. जमिनीतून यावी तशी. मला ती छातीच्या हाडात समजली. मॅडमनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात आपोआप उघडला आणि हवेतल्या हवेत मांडीशेजारी पडायला लागला, थापेला थाप. मग डोळे उघडून म्हणाल्या, "ही पोरगी कणीक जास्त लावते. म्हणून जड येतंय. हात चांगला आहे तिचा. बसू दे परीक्षेला."

तात्या नाण्याकडं बघत होते. मग मॅडमच्या हाताकडं. परत नाण्याकडं. त्यांचा तळहात अजून खोक्यावरच होता, जसा आजारी माणसाच्या कपाळावर असतो. मग ते माझ्याकडं वळले. त्यांना वाटलं ते हळू बोलतायत, पण ते चांगलं मोठ्यानं होतं.

"गजा, वाजतंय का?"

दुकान काढल्यापासून हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारला नसेल. ते सांगायचे, लोक ऐकायचे.

मी म्हणालो, "वाजतंय, तात्या."

त्यांनी हात उचलला, शर्टाला पुसला आणि चहाचा कप घेतला. मॅडमनी चहा चांगला झालाय का विचारलं, तेव्हा त्या त्यांच्या अगदी समोर उभ्या होत्या.

येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले. त्यांच्या मांडीवर आता काही नव्हतं, हात नुसतेच पडले होते. टेल्कोचा रस्ता लागल्यावर बोलायला लागले, रस्त्याकडं बघतच. मी मधे काही म्हणालो असतो तरी उपयोग नव्हता.

"आधी बारीक आवाज गेलं. चिमण्या, कुकर, नातवाचं बोलणं. मी म्हणलं, जाऊ दे, आपलं काम जाड्याचं हाय. जाडा हाय तोवर मी हाय. मग जाडाबी गेला. कधी गेला ते समजलं न्हाई. हातानं भागत होतं ना."

मग वळून, माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "इथनं पुढं तू वाजतंय म्हणशील तर वाजतंय. पर खोटं म्हणू नको. मला कळायचं न्हाई, म्हणूनच म्हणू नको."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली.

डॉक्टरांना दाखवून झालं. नस वाळली म्हणाले, परत येत नाही. कानातलं मशीन घेतलं. तात्या ते पाहुण्यारावळ्यांत जाताना घालतात, दुकानात काढून डबीत ठेवतात. म्हणतात, "कंप्युटरचा बारका स्पीकर बसवलाय कानात. सगळी दुनिया पत्र्याची केली. बेसच न्हाई." पहिल्यांदा हे ऐकून काकू हसल्या, मग उठून आत गेल्या.

आता मलाही भीती वाटते. मीही तीच बोंडं खिशात ठेवत होतो. आईचा फोन आला की बोलताना तिच्या बांगड्या किणकिणतात, मी आधी त्या ऐकतो. कधी येत नाहीत. मग मी विचारतो, "बांगड्या कुठंयत?" ती म्हणते, "भाकरी थापायलेय, वर सारल्यात की." तेव्हा कुठं मी पुढचं बोलतो. तिला वाटतं, पोराचं डोकं ठिकाणावर नाही.

हे लिहायला मॅडमनीच बसवलं. शुद्धलेखन त्यांनी बघितलं, स्वतःबद्दलचं काही खोडलं नाही. तात्यांनी सगळं वाचलं. मी एका ठिकाणी 'तात्यांना कमी ऐकू येतं' असं लिहिलं होतं. त्यांनी ते ओळभर काट मारून काढलं. म्हणाले, "बहिरा लिही. कमी काय कमी." म्हणून लिहितो. तात्या बहिरे आहेत.

दुकान चालू आहे, पण पूर्वीसारखं नाही. लोक आता तयार डबडी घेतात, बिघडली की टाकून देतात. तात्या रोज येतात. हात अजून तसेच आहेत. गेल्या महिन्यात चाकणच्या एका कंपनीतला ऑपरेटर त्याच्या कंप्युटरसाठी बारकं खोकं करून घ्यायला आला. तात्या म्हणाले, "हे मी एकटा करतो. तू हात लावू नको." जुना वूफर घेतला, कोन नवा बसवला, कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, मधोमध धरून चिकटवली, फळ्या कापल्या. बरेच दिवस लागले. पुरं झालं त्या दिवशी त्यांचे डोळे चमकत होते. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं. तात्यांनी तळहात ठेवला, मला खूण केली. मी गाणं लावलं.

गिऱ्हाईक म्हणालं, "भारी, राव. एक नंबर."

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वाजतंय का?"

वाजत होतं. पण अगदी खालच्या सुराला, खूप लक्ष दिलं तर, आत एक खर्रर होती, चटईवरून बोट ओढल्यासारखी. कॉइल केसभर एका बाजूला बसली होती आणि मॅग्नेटला घासत होती. त्या माणसाला ते कधी समजलं नसतं. काही महिन्यांनी कॉइल जळली असती तर त्यानं विजेला दोष दिला असता. तात्यांना तर कधीच समजलं नसतं.

ज्या माणसानं मला सोल्डर येत नाही म्हणून कामाला ठेवलं, त्याच्या तोंडाकडं बघत मी उभा होतो. तो माझ्या ओठांकडं बघत होता.

मी म्हणालो, "नाही, तात्या. घासतंय."

त्यांनी तळहात उचलला. थोडा वेळ त्याच्याकडंच बघत राहिले. मग गिऱ्हाइकाला म्हणाले, "पुढल्या आठवड्यात या," आणि पहिला स्क्रू काढायला घेतला. तो घट्ट होता. मी पुढं झालो तर त्यांनी कोपरानं मला मागं सारलं आणि स्वतःच काढला.